मध्य व दक्षिण इटलीची वाईन : बाटलीवरील किंमत कशी वाचावी

इटलीच्या मध्य भागातील टस्कनी व उंब्रिया, मध्य आणि दक्षिण यांच्या सीमेवरचा अब्रुत्सो, आणि त्याखालचे कंपानिया, बासिलिकाता, पुल्या, कालाब्रिया व सिसिली या प्रांतांच्या वाईनविषयी जगभरच्या रसिकांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जो उत्साह वाढत गेला, त्याने तेथील किमतींची जुनी घडी विस्कटून टाकली आहे. जी वाईन एके काळी टँकरमधून घाऊक भावाने उत्तरेकडे जात असे, तिच्यातील काही आज नामांकित उपाहारगृहांच्या यादीत अग्रभागी आहे, आणि तितक्याच गुणाची दुसरी काही वाईन, केवळ तिचे नाव कोणी फारसे घेत नाही म्हणून, अजून बेताच्या दरात मिळते. महाराष्ट्रातील ग्राहकाची अडचण याहून थोडी वेगळी आहे. त्याच्यापुढे येणाऱ्या किमतीत इटलीतील या चढउताराचा वाटा किती आणि आयात शुल्क, वाहतूक व नोंदणी यांचा वाटा किती, हे त्याला बाटलीवरून कळत नाही. आणि ते वेगळे करता आले नाही, तर महाग वाईन म्हणजेच चांगली वाईन असा समज करून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

हा व्यवहार मराठवाड्याला वाटतो तितका परका नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरपासून फार दूर नसलेले पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, या दोन्ही नगरांचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत येतो. पैठणहून मौल्यवान खडे व तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, असे हा ग्रंथ सांगतो, आणि त्याच भडोचमध्ये उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईनचा उल्लेख करताना इटलीच्या वाईनला अधिक पसंती होती, असेही नोंदवतो. याच गोदावरी खोऱ्यातील नेवाशाच्या उत्खननात अँफोरा, म्हणजे वाईन व तेल वाहून नेण्याच्या दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. दक्षिण इटलीतील कंपानिया प्रांताच्या अशा कुंभांची माती तिच्यात मिसळलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या वाळूमुळे अभ्यासकांना ओळखता येते. गोदावरीच्या खोऱ्यात इटलीचा माल येत होता आणि त्याला त्या काळीही इतरांपेक्षा वरचा मान होता, एवढे यावरून म्हणता येते.

आजच्या बाटलीकडे वळताना प्रथम तिच्यावरील दर्जादर्शक अक्षरे समजून घेणे आवश्यक आहे. इटलीने 1963 च्या कायद्याने ‘डी.ओ.सी.’ ही श्रेणी निर्माण केली. तिचा अर्थ असा की वाईन ठरावीक भूभागातील, ठरावीक द्राक्षांपासून आणि ठरवून दिलेल्या रीतीने केलेली आहे. तिच्याहून कडक नियमांची ‘डी.ओ.सी.जी.’ ही श्रेणी 1980 पासून प्रत्यक्षात आली, आणि 1992 च्या कायद्याने ‘आय.जी.टी.’ ही मोकळी श्रेणी आली, जिच्यात प्रदेश सांगावा लागतो पण द्राक्षांच्या निवडीत उत्पादकाला बरीच मुभा असते. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ही अक्षरे वाईनच्या चवीचे प्रमाणपत्र नाहीत, तर तिच्या उगमाचे आणि कृतीचे आहेत. टस्कनीच्या किनाऱ्यावरील बोल्गेरी येथील ‘सास्सिकाया’ ही वाईन फ्रेंच वाणांच्या द्राक्षांपासून होत असल्यामुळे 1968 च्या पहिल्या विक्रीयोग्य हंगामापासून कित्येक वर्षे कायद्याच्या लेखी सर्वांत खालच्या ‘साध्या टेबल वाईन’ या वर्गात होती, आणि तरीही तिची किंमत बहुतेक वरच्या श्रेणींपेक्षा अधिक होती. श्रेणी आणि किंमत यांचे नाते किती सैल असते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

‘क्लासिको’, ‘सुपेरिओरे’ आणि ‘रिझेर्वा’ हे शब्दही किंमत वाढवतात. ‘क्लासिको’ म्हणजे त्या वाईनचा मूळचा, जुना गाभ्याचा प्रदेश. ‘सुपेरिओरे’ म्हणजे सामान्यतः किंचित अधिक मद्यांश व काहीसे कडक नियम. आणि ‘रिझेर्वा’ म्हणजे अधिक काळ मुरवलेली. यांपैकी पहिला शब्द खरेदीदाराच्या सर्वांत उपयोगाचा आहे.

मध्य इटलीचे मुख्य द्राक्ष म्हणजे सांजोवेसे. कियांती क्लासिकोमध्ये ते किमान 80 टक्के असावे लागते आणि मोन्तालचिनो गावाच्या ब्रुनेल्लोमध्ये पूर्णपणे तेच वापरावे लागते. ब्रुनेल्लो महाग का, याचे एक कारण कायद्यातच दडलेले आहे: हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वी ती बाजारात आणता येत नाही, म्हणून उत्पादकाचे भांडवल तेवढा काळ तळघरात अडकून पडते आणि त्याचे व्याज अखेरीस बाटलीवर चढते. त्याच गावाच्या त्याच द्राक्षाची ‘रोस्सो दि मोन्तालचिनो’ ही वाईन मात्र हंगामानंतरच्या पुढच्याच सप्टेंबरपासून विकता येते. ती ब्रुनेल्लोइतकी गंभीर नसली, तरी चांगल्या उत्पादकाची असेल तर किमतीच्या मानाने तिचे पारडे जड ठरते. ज्या वर्षी हवामान प्रतिकूल असते त्या वर्षी काही उत्पादक ब्रुनेल्लोसाठी राखलेली द्राक्षेही रोस्सोकडे वळवतात, आणि जाणकार ग्राहक नेमक्या अशाच वर्षांकडे लक्ष ठेवून असतो.

नावांच्या बाबतीत एक सापळा येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्यात दुकानदारही अडकतात. ‘व्हिनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो’ ही टस्कनीतील मोन्तेपुल्चानो गावाची, मुख्यतः सांजोवेसेची वाईन आहे. ‘मोन्तेपुल्चानो द’अब्रुत्सो’ ही मात्र अब्रुत्सो प्रांतात मोन्तेपुल्चानो याच नावाच्या वेगळ्या द्राक्षापासून होणारी वाईन आहे. दुसरी बहुधा बरीच स्वस्त असते. तिचा रंग गडद, चव भरीव आणि तुरटपणा बेताचा असल्यामुळे ज्याने पूर्वी लाल वाईन घेतलेली नाही त्याने तिच्यापासून सुरुवात करावी. अब्रुत्सोतही व्हालेन्तिनी आणि एमिदियो पेपे यांच्यासारखे उत्पादक आहेत ज्यांच्या बाटल्यांचे दर मोठ्या ब्रुनेल्लोंच्या पंक्तीला जातात, पण तो संग्राहकांचा प्रांत आहे.

दक्षिणेची कथा अधिक उद्बोधक आहे. पुल्या आणि सिसिली येथील कडक उन्हात पिकलेल्या, साखर भरपूर असलेल्या द्राक्षांची वाईन कित्येक दशके निनावी राहिली. थंड प्रदेशांतील पातळ वाईनला रंग आणि जोर देण्यासाठी ती घाऊक विकली जाई. पुल्यातील प्रिमितीवो या द्राक्षाचे भाग्य पालटले ते 1990 च्या दशकात, जेव्हा कॅलिफोर्नियातील झिन्फांडेल आणि प्रिमितीवो हे एकच वाण असल्याचे तेथील विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ यांच्या जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. अमेरिकन ग्राहकाला ओळखीचे झालेले हे द्राक्ष मांदुरिया गावाच्या नावाने जगभर जाऊ लागले आणि त्याचा भाव चढला. आज प्रिमितीवो घेताना मात्र एक सावधगिरी बाळगावी: मागणीपायी तिची पुष्कळशी वाईन सुकवलेल्या किंवा अतिपक्व द्राक्षांपासून जाणूनबुजून गोडसर आणि 14 ते 15 टक्के मद्यांशाची केली जाते, जी पहिल्या घोटाला मोहक आणि दुसऱ्या प्याल्याला जड वाटते.

किमतीतील खरी उलथापालथ झाली ती सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारांवर. तेथील डी.ओ.सी. 1968 इतकी जुनी असली, तरी विसाव्या शतकाच्या अखेरीस दगडी बांधांवरच्या कित्येक जुन्या बागा ओस पडत चालल्या होत्या, कारण त्या हातानेच कसाव्या लागत आणि मजुरीही सुटत नसे. 2000 च्या आसपास आंद्रेआ फ्रांकेत्ती, बेल्जियमहून आलेले फ्रांक कोर्नेलिसेन आणि मार्को दे ग्रात्सिया यांनी या जुन्या बागा हाती घेतल्या आणि ‘कॉन्त्रादा’, म्हणजे डोंगरावरील प्रत्येक नावाजलेला शेतपट्टा, वेगळा ठेवून त्याची वाईन वेगळ्या नावाने बाटलीत भरण्यास प्रारंभ केला. हजार मीटरपर्यंत चढत जाणाऱ्या या बागांत नेरेल्लो मास्कालेसे हे लाल द्राक्ष दक्षिणेच्या उन्हात पिकूनही डोंगरी थंडीमुळे आपला आंबटपणा आणि नाजूक सुगंध टिकवते, आणि काहींना त्यात फ्रान्सच्या बरगंडीची आठवण होते. गुण आणि गोष्ट या दोन्हींचा मेळ बसल्यावर किंमत वाढली नसती तरच नवल. जमिनीचे दर वाढले, सिसिलीतील मोठ्या कंपन्या आणि उत्तरेकडील नामवंत घराणी तेथे आली, आणि वीस वर्षांपूर्वीची दुर्लक्षित वाईन आज सिसिलीतील सर्वांत महाग वाईनच्या वर्गात गेली आहे. यातील उत्तम बाटल्या आपली किंमत सार्थ करतात. परंतु एटना हे नाव आता इतके चलनी झाले आहे की सामान्य बाटलीलाही नावाचा अधिभार लागतो, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

याच्या उलट कंपानियातील ताउराझी आणि बासिलिकातातील वुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीभोवतीचा प्रदेश यांची आल्यानिको या द्राक्षाची वाईन गुणाने एटनाच्या तोडीची आणि दीर्घायुषी असूनही किमतीत मागेच राहिली आहे. कारण उघड आहे. आल्यानिकोत टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारा आणि जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जाणवतो तसा तुरटपणा देणारा घटक, फार असतो. ती तरुण असताना कठोर वाटते आणि मऊ व्हायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि आजच्या बाजाराला तेवढा धीर नाही. ज्या ग्राहकाला तो धीर आहे, त्याच्यासाठी मध्य व दक्षिण इटलीत याहून किफायतीचा सौदा नाही. कंपानियातीलच फियानो दि आवेल्लिनो आणि ग्रेको दि तुफो या पांढऱ्या वाईनही आपल्या गुणाच्या मानाने स्वस्तच म्हणाव्या लागतील.

निसर्गाचा हिशेबही किमतीत येतो, आणि तो महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. 2023 च्या वसंतात व उन्हाळ्याच्या प्रारंभी इटलीच्या मध्य व दक्षिण भागात सतत पाऊस पडला आणि केवड्याने, म्हणजे नाशिक-सांगलीचा बागायतदार ज्या बुरशीजन्य रोगासाठी रात्री-अपरात्री फवारणी करतो त्याच रोगाने, अब्रुत्सो, मोलिझे, पुल्या आणि सिसिली येथील पीक मोठ्या प्रमाणावर गेले. 2022 मध्ये सुमारे 500 कोटी लिटर असलेले इटलीचे उत्पादन त्या वर्षी 383 कोटी लिटरच्या आसपास घसरले आणि फ्रान्सने प्रथम स्थान घेतले. म्हणून 2023 ची दक्षिणेकडील बाटली घेताना उत्पादकाचे नाव इतर वर्षांपेक्षा अधिक काळजीपूर्वक पाहावे, कारण ज्यांनी वेळीच फवारणी केली आणि रोगट घड काढून टाकले त्यांची वाईन त्या वर्षीही चांगलीच झाली.

आता महाराष्ट्रातील किमतीकडे वळू. भारतात आयात वाईनवर दीर्घकाळ 150 टक्के सीमाशुल्क राहिले. 2021 च्या अर्थसंकल्पाने त्याची मांडणी बदलून 50 टक्के मूळ शुल्क आणि 100 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी केली, पण बेरीज तीच ठेवली. समजा, इटलीत 5 युरोला विकत घेतलेली एक बाटली आहे. 2025 मध्ये युरोने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, त्या हिशेबाने तिचे 500 रुपये झाले. जहाजभाडे व विमा यांचे 100 रुपये धरले तर 600 रुपयांवर 900 रुपये शुल्क लागून ती बंदरावरच 1500 रुपयांची होते, आणि त्यानंतर राज्याचे शुल्क, विक्रीकर, आयातदाराचा व दुकानदाराचा नफा हे सारे बाकीच असते. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा असतो आणि प्रत्येक राज्यात लेबलची नोंदणी वेगळी करावी लागते. जहाजभाडे, लेबल नोंदणी, गोदाम हे खर्च बाटली स्वस्त असो वा महाग, जवळपास सारखेच पडतात. म्हणून बाटली जितकी स्वस्त तितका तिच्या किमतीतील वाईनचा स्वतःचा भाग लहान. यावरून निघणारा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटेल, पण तो पक्का आहे: भारतात आयात वाईन घ्यायचीच असेल तर फळीवरची सर्वांत स्वस्त इटालियन बाटली हीच बहुधा सर्वांत महाग पडते.

व्यापार करारांमुळे हे गणित बदलू शकते. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, तेव्हा 5 डॉलरपेक्षा अधिक आयात किमतीच्या बाटलीवरील शुल्क 150 वरून 100 टक्के आणि 15 डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या बाटलीवरील 75 टक्के झाले, व दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरायचे आहे. युरोपीय संघाबरोबरची बोलणी 2007 मध्ये सुरू होऊन 2013 मध्ये थांबली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. इटलीच्या वाईनचे येथील दर पुढे कसे राहतील हे या बोलण्यांतून साकारणाऱ्या कराराच्या अंमलबजावणीच्या टप्प्यांवर ठरणार आहे. शुल्क उतरले तरी जुन्या दराने आयात झालेला साठा संपेपर्यंत दुकानातील भाव उतरत नाहीत, हेही लक्षात असावे.

तोपर्यंत सांजोवेसेची ओळख करून घेण्याचा एक जवळचा मार्ग सोलापूर जिल्ह्यात आहे. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ 2007 च्या सुमारास दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन कुटुंबांतील भावांनी ‘फ्रातेल्ली’ ही कंपनी उभी केली, आणि टस्कनीतील अनुभवी वाईननिर्माते पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथे सांजोवेसेसह अनेक युरोपीय वाणांची लागवड केली. सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणाची ‘सेत्ते’ ही त्यांची मानाची वाईन. कोरड्या, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातील या द्राक्षाचे वेळापत्रक टस्कनीहून अगदी निराळे आहे: तेथे वेल हिवाळ्यात झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे उतरतात, येथे वेलाला झोप नसल्यामुळे एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून काढणी जानेवारी ते मार्चमध्ये घ्यावी लागते. साहजिकच फळाचा गुण वेगळा येतो. अकलूजचे सांजोवेसे हे कियांतीची नक्कल म्हणून नव्हे, तर त्याच वाणाचे दख्खनी रूप म्हणून चाखावे. त्याची किंमत आटोक्यात आहे याचे मोठे कारण 2001 चे राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण, ज्याने महाराष्ट्रातील द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. हे वाचून गेवराईकडच्या एखाद्या मोसंबी बागायतदाराच्या मनात वाईनच्या द्राक्षांचा विचार आला, तर त्याने कंपनीशी लेखी खरेदी करार झाल्याशिवाय एकही वेल लावू नये, कारण ही द्राक्षे बाजारात खाण्यासाठी विकली जात नाहीत, आणि 2008 नंतरच्या मंदीत नाशिक भागातील कित्येकांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या होत्या.

उमापूरच्या वाचकाला आयात बाटली छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथूनच आणावी लागेल. ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाईनच सर्वांत कमी असते, हा महाराष्ट्रातील जुना विनोद आहे, आणि त्यात तथ्य असल्यामुळे बाटली पारखून घ्यावी. दर्शनी काचेत उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नये; बूच वर आलेले असेल, त्याच्याखाली वाईनची पातळी उतरलेली असेल किंवा मानेवर चिकटपणा असेल, तर ती उष्णतेने बिघडलेली समजावी. मागच्या लेबलवर आयातदाराचे नाव, अन्न सुरक्षा परवाना क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा उल्लेख नसेल, तर ती वाईन कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. मद्य बाळगण्यासाठी व सेवनासाठी राज्यात 1949 च्या कायद्यानुसार परवाना लागतो; तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव असा मिळतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. मुलगा किंवा मुलगी युरोपातून येणार असेल तर वर सांगितलेली ताउराझी याच मार्गाने मागवावी, कारण 150 टक्क्यांच्या शुल्काची सर्वांत मोठी बचत महाग बाटलीवरच होते.

मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि वाईनला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. बंद मोटारीत ती दुपारभर ठेवू नये. जुन्या माळवदाच्या घरातील आतली अंधारी खोली सिमेंटच्या छताखालील खोलीपेक्षा पुष्कळ बरी, पण उन्हाळा काढायचा असेल तर फ्रिजचा खालचा खण हाच विश्वासाचा. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा युरोपातील संकेत येथे लागू पडत नाही. ती अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि वीज गेली असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या रांजणात ठेवून मगच उघडावी. काळ्या मसाल्याच्या मटणाच्या रश्श्याबरोबर किंवा येसर आमटीबरोबर तुरट आल्यानिको घेतल्यास तिखट आणि तुरट एकमेकांना वाढवतात व तोंड पोळते. तेथे थोडी गार केलेली मोन्तेपुल्चानो द’अब्रुत्सो किंवा सिसिलीची लाल नेरो द’आवोला जुळते. धपाटे, वांग्याचे भरीत आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासोबत फियानो ही पांढरी वाईन घ्यावी. अर्थात कोणत्याही मद्याचे सेवन आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलेले आहे, आणि ज्या गावांत महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे तेथील निर्णयाचा मान राखणे हेही सुजाण ग्राहकाचे कर्तव्य आहे.

खर्चाची मर्यादा कमी असेल तर आयात कियांतीची सर्वांत स्वस्त बाटली टाळून अकलूजचे सांजोवेसे घ्यावे; मध्यम असेल तर अब्रुत्सो आणि कंपानिया यांच्याकडे वळावे; आणि हात मोकळा असेल तरी एटना किंवा ब्रुनेल्लोच्या नावाला पैसे देण्यापूर्वी त्याच पैशांत वुल्तुरेच्या किंवा ताउराझीच्या दोन बाटल्या मिळतात का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे.